पूर्णगडचा बोगदा आपोआप का उठत नाही

आमच्या आंबा बागायतदारांच्या सहकारी संस्थेत एक गोष्ट आवडीने सांगितली जाते. ती अशी, की रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयातील सर्व्हर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने, म्हणजे मी, संस्थेचा आदेश धाब्यावर बसवून पूर्णगडची जोडणी हट्टाने बंद ठेवली. आणि तीही घरगुती भांडणापायी. सचिवबाई ही गोष्ट सभ्य शब्दांत सांगतात, आंजर्ल्याच्या शाखेतले लोक हसत हसत सांगतात, आणि माझी पत्नी तर माझ्यासमोरच, पाहुण्यांच्या हातात चहाचा कप देता देता सांगते. तिघांच्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि एकीशीही मी सहमत नाही. खरे काय घडले ते मला ठाऊक आहे, कारण कळफलकावर हात माझे होते. जिथे ते माझे नव्हते, ती जागाही मी लपवणार नाही.

ज्यांना या विषयाचे वावडे आहे त्यांच्यासाठी आधी थोडे सांगणे भाग आहे. संस्थेच्या तीन जागा मुख्य कार्यालयाशी जोडलेल्या आहेत: वाशीच्या बाजारातला गाळा, आंजर्ल्याची शाखा आणि पूर्णगडची शाखा. कोणाच्या बागेतल्या पेट्या निघाल्या, कोणत्या गाडीत चढल्या, कोणत्या परत आल्या, हे सारे तिथून आमच्या सर्व्हरवर येते. उघड्या इंटरनेटवरून ते पाठवणे म्हणजे पोस्टकार्डावर लिहिणे. वाटेतला कोणीही वाचील. म्हणून दोन्ही टोकांना एकेक संगणक ठेवून त्यांच्यामध्ये एक कुलूपबंद वाट तयार करतात. तिला व्हीपीएन असे नाव आहे. आमच्या कार्यालयात तिला बोगदा म्हणतात, आणि कोकण रेल्वेच्या मुलखात हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही.

सर्व्हर लिनक्सवर चालतो. वीज जाऊन परत आली की तो उठतो, आणि उठताना एक छोटी फाईल वाचतो. त्या फायलीत एक ओळ असते: कोणकोणते बोगदे आपोआप सुरू करायचे. तिथे ‘सगळे’ असे सांगता येते, ‘एकही नको’ असे सांगता येते, किंवा हवी ती नावे एकापुढे एक लिहिता येतात. ज्याचे नाव तिथे नाही, तो बोगदा माणसाने स्वतः हुकूम दिल्याशिवाय उघडत नाही. माझी सारी बदनामी या एका ओळीतून उगवलेली आहे.

त्या ओळीत मी वाशीचे नाव बारमाही ठेवले होते. आंजर्ल्याचे हंगामापुरते लिहीत असे व हंगाम संपला की खोडीत असे, कारण रिकाम्या घराचे दार उघडे ठेवण्यात शहाणपण नाही. पूर्णगडचे नाव नव्हते. सचिवबाई म्हणतात, ते वयामुळे राहून गेले. राहून जाणे वेगळे आणि न लिहिणे वेगळे. मी ते लिहिले नव्हते.

मी उभी हयात टेलिफोन खात्यात काढली. लिनक्स शिकलो तो निवृत्तीनंतर, स्वतःच्या हिमतीवर, आणि माझ्या निम्म्या वयाच्या लोकांपेक्षा बरे शिकलो. पण मूळचा धडा एक्स्चेंजमधला आहे: पलीकडे कोणी उचलले आहे याची खात्री झाल्याशिवाय ओळ जोडायची नाही. आमच्याकडे गावात कोणाच्या घरी गेले तर थेट ओटीवर चढत नाहीत. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभे राहून ‘आहात का घरात?’ अशी हाक मारतात, आतून ‘या’ असा आवाज आला की मग चप्पल काढतात. यंत्राला ही रीत शिकवता येत नाही. यंत्र आपले सरळ आत शिरते.

पूर्णगडच्या बाबतीत तर या रीतीला सबळ तांत्रिक कारण होते. तिथली शाखा म्हणजे किल्ल्याच्या उताराखालच्या एका घराची पडवी आहे. एक टेबल, एक संगणक, एक इन्व्हर्टर आणि एक लँडलाईन फोन. वादळवाऱ्यात वीज गेली की पूर्णगडला ती आमच्या मागाहून येते, आणि येऊन पुन्हा जाते. आमचा सर्व्हर आधी उठून बसे व तिकडच्या धडपडणाऱ्या संगणकाशी बोलू लागे. अर्धी नोंद इकडे येई, अर्धी तिकडे राही, आणि एकाच पेटीचे दोन जन्म होत. म्हणून मी पद्धत घातली, की सकाळी मुख्य कार्यालयाने पूर्णगडला फोन करावा, वीज स्थिर आहे का ते विचारावे, आणि होकार आल्यावरच बोगदा हाताने सुरू करावा.

पुढे तिथे चांगला इन्व्हर्टर बसला. तेव्हाच हे कारण संपले, असा सचिवबाईंचा मुद्दा आहे. कारण संपल्याचे मला त्यांच्या आधी ठाऊक होते. मात्र तोपर्यंत दुसरे कारण तयार झाले होते, आणि ते संस्थेच्या सभेत मांडण्याजोगे नव्हते.

ज्या घराची ती पडवी, त्या घराची मालकीण आणि संस्थेची पूर्णगड शाखाप्रमुख ही माझी थोरली बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिने हायस्कुलात गणित शिकवले. आजूबाजूच्या गावांतले अर्धे बागायतदार तिच्या हाताखालून गेलेले आहेत आणि आजही पेट्यांचा हिशेब सांगताना सरळ उभे राहतात. भावोजी बोटीवर होते. ते गेले, आणि एवढ्या मोठ्या घरात अक्का एकटी राहिली. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणे झाल्यावर सगळे नातेवाईक ओटीवर बसले होते, तेव्हा मी तिला रत्नागिरीला आमच्याकडे येऊन राहा म्हणून सांगितले. इथपर्यंत सर्वांच्या हकिकती एक आहेत. यापुढे फाटा फुटतो. अक्काचे म्हणणे, मी चारचौघांत तिला ‘तुला आता एकटीला जमणार नाही’ असे बोललो. मी तसे बोललो नाही. ‘एकटीने कशाला जमवायचे?’ असे मी म्हणालो. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. तिथे हजर असलेल्या प्रत्येकाने अक्काच्या बाजूने साक्ष दिली, यावरून फक्त एवढेच सिद्ध होते, की त्या सर्वांना तिने कधी ना कधी गणित शिकवले होते.

त्या दिवसापासून अक्काने माझ्याशी अबोला धरला. तो तिने माझ्या पत्नीकरवी रीतसर कळवला. पत्नी तिच्याकडून परत आली ती ओठ दाबून हसू आवरीतच.

“वन्संचा निरोप आहे. संस्थेच्या कामाखेरीज तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही.”

“आणि संस्थेच्या कामापुरता?”

“तेवढा बोलायचा. संस्थेने काय घोडं मारलंय, म्हणाल्या.”

म्हणून मी सांगतो, की सकाळचा तो फोन नुसता बोगद्याचा नव्हता. माझी एकटी, हट्टी, सत्तरी ओलांडलेली बहीण त्या दिवशी उठली आहे, चालती-बोलती आहे, हे मला कळण्याची ती एकमेव वाट होती. पत्नीचे तिच्याशी बोलणे होत असे, पण मी विचारले की ती म्हणे, “फोन तुमच्याच टेबलावर आहे ना? विचारा की तुम्ही.” मला काही विचारायचे नव्हते. मला फक्त बोगदा सुरू करायचा होता.

आमची कामकाजाची भाषा कशी होती याविषयीही पुष्कळ थट्टा झाली आहे, म्हणून एक नमुना देतो.

“मुख्य कार्यालय बोलत आहे.”

“पूर्णगड शाखा.”

“शाखेत वीज आहे का?”

“आहे. इन्व्हर्टरही भरलेला आहे.”

“शाखाप्रमुख हजर आहेत का?”

“मग आपणांशी आत्ता कोण बोलते आहे?”

“ओळीवर खरखर येते आहे. ती ओळीची आहे की घशाची, याचा खुलासा व्हावा.”

“घशाची आहे. बोगद्याला त्याचे काय?”

“खरखर ओळीची असल्यास तक्रार नोंदवावी लागेल. घशाची असल्यास ज्येष्ठमधाचा काढा घ्यावा, अशी मुख्य कार्यालयाची सूचना आहे.”

“सूचना मिळाली. बोगदा सुरू करावा.”

धाकट्या भावाला ‘आपण’ म्हणताना तिच्या आवाजात जो कडकपणा येई, तो मी लहानपणी फळ्यापाशी उभा राहून पुष्कळ ऐकला होता. मीही मागे हटलो नाही. मे महिन्यात एकदा तिने कळवले, की शाखेच्या परसातील फणस एसटीच्या कंडक्टरकरवी रवाना केला असून मुख्य कार्यालयाने तो स्टँडवरून उतरवून घ्यावा. “बरका पाठवला आहे,” ती म्हणाली. “कापा झेपण्यासारखे मुख्य कार्यालयाचे दात राहिलेले नाहीत, असे समजते.” मी पोच दिली. शेजाऱ्यांना देऊन उरलेले गरे आम्ही दोघांनी दोन दिवस खाल्ले, आणि तिसऱ्या दिवशी मी शाखेला कळवले, की मालात दोष आढळला नाही.

आता सचिवबाईंकडे येतो. बाई कर्तबगार आहेत. मला ‘काका’ म्हणतात आणि माझे ऐकत नाहीत. आजकाल दोन्ही गोष्टी एकत्रच मिळतात. ऐन हंगामात माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्या दिवशी माझ्या जागी फोन करायला कोणी बसले नाही, बोगदा दुपारपर्यंत उघडला नाही, आणि पूर्णगडच्या पेट्या नोंदीवाचून पडून राहिल्या. ऑपरेशनची सूचना मी लेखी दिली होती, हे कोणी सांगत नाही. दुसऱ्याच दिवशी, डोळ्यावर हिरवी पट्टी असताना, बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“काका, आपले तीन बोगदे. दोन आपापले उठतात. तिसऱ्याला रोज तुम्ही उठवायला जाता.”

“उठवायला जात नाही. विचारायला जातो.”

“काय विचारायला?”

“वीज आहे का म्हणून.”

“ते संगणक उठला की कळतंच ना! अहो, वीज असल्याशिवाय उठेल कसा तो?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते बाईंना देण्याचे नव्हते. मी एक्स्चेंजचा दाखला दिला, खळ्यातल्या हाकेचा दिला. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण काका, तुम्ही नसलात तर? आज पट्टी डोळ्यावर आहे. उद्या काय होईल ते तुम्हाला, मला ठाऊक आहे का?”

संस्थेचा आदेश निघाला: तिन्ही बोगदे आपोआप सुरू व्हावेत.

इथे मी वाचकाला थांबवून सांगतो, की त्या आदेशाचे पालन मी स्वतः केले, सचिवबाईंच्या देखत केले, आणि पूर्ण केले. फायलीतील नावे काढली व ‘सगळे’ लिहिले. पुढे असे बोलले गेले, की मी मुद्दाम अर्धेच काम केले. ही फाईल बदलून भागत नाही. बदलल्याचे सर्व्हरला सांगावेही लागते, नाहीतर तो जुनेच धरून बसतो, आणि पुष्कळ जण हे विसरतात. मी विसरलो नाही. मी तो हुकूम दिला, एवढेच नव्हे तर बाईंची खात्री पटावी म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. आम्ही दोघे पडद्याकडे पाहत बसलो. वाशी उठली, आंजर्ले उठले, पूर्णगडही उठले. बाईंनी “थँक्यू हं काका” म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा कार्यालयात गेलो. सर्व्हरची खोली पूर्वी पेट्यांचे कोठार होती. भिंतीच्या जांभ्या दगडाला अजून पेंढ्याचा वास आहे. पडद्यावर पूर्णगडचा बोगदा सुरू होता. मी फोनकडे पाहिले. फोन करायला संस्थेचे काही काम उरले नव्हते. आणि संस्थेच्या कामाखेरीज बोलायचे नाही, अशी अट होती. ती अट अक्काची होती, मी ती मोडणार नव्हतो. यावर माझी पत्नी म्हणते, की मोडली असती तर काय आभाळ कोसळले असते? तिला आमच्या घरची माणसे अजून नीट समजलेली नाहीत.

मला वाटले होते, अक्का फोन करील आणि बोगदा आपोआप कसा उठला ते विचारील. तिने केला नाही. आदेशाची प्रत शाखेला गेली होती. तिला सारे ठाऊक होते. म्हणजे मी इकडे फोनपाशी बसलेलो आणि ती तिकडे पडवीत फोनपाशी बसलेली, आणि दोघांच्या मधला बोगदा चोख चाललेला. असे कित्येक दिवस गेले.

त्या दिवसांत मला एक गोष्ट फार स्पष्ट कळली, आणि मी ती सभेत मांडली नसली तरी इथे मांडतो. पूर्वी बोगदा सुरू असे, त्याचा अर्थ अक्का उठली असा होता. आता बोगदा सुरू असे, त्याचा अर्थ तिच्या पडवीत वीज आहे, एवढाच होता. पडद्यावर दोन्ही वेळेला तीच हिरवी खूण. माणूस असो वा नसो, ती खूण तशीच राहणार होती.

मग मी नोंदी वाचू लागलो. पूर्णगडहून पहिली नोंद आली की बरे वाटे. अक्काच्या नोंदी ओळखू येतात. ती कधी आडनावात काटछाट करीत नाही. नोंदी मोकळ्या असल्या तर ती निवांत आहे, लागोपाठ आल्या तर पडवीत गर्दी आहे, असा मी अंदाज बांधी. सचिवबाई म्हणाल्या, “काका हल्ली पूर्णगडच्या पेट्यांत फार लक्ष घालतात.” घालत होतो. ते माझे कामच होते.

आणि एके दिवशी सकाळी नोंद आलीच नाही.

हंगाम उतरणीला लागला होता, पण पेट्या अजून निघत होत्या. आंजर्ल्याच्या नोंदी आल्या. वाशीने कालच्या मालाची पोच दिली. पूर्णगडची ओळ रिकामी, आणि बोगदा मात्र ठणठणीत सुरू. मी सर्व्हरवरून पूर्णगडच्या संगणकाला साद घालून पाहिली. यंत्राने तत्परतेने प्रतिसाद दिला. यंत्र बरे होते. मी घरी फोन लावला.

“तुझे काल अक्काशी बोलणे झाले का?”

“काल नाही. परवा झालं. का हो?”

“काही नाही. नोंदी आल्या नाहीत.”

“मग फोन करा ना त्यांना!” पत्नीचा आवाज चढला. “नोंदी आल्या नाहीत हे संस्थेचंच काम आहे की नाही?”

हा मुद्दा मला तिच्या आधी सुचला होता. मी रिसीव्हर उचलणारच होतो. माझा हात त्यावर होता. याबाबत पत्नी वेगळे सांगते, की तिने सांगितल्यावरही मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. पण ती तिथे नव्हती आणि मी होतो. हात रिसीव्हरवर असतानाच पडद्यावरची पूर्णगडची हिरवी खूण लाल झाली. बोगदा पडला. तेवढ्यात फोन वाजला.

“पूर्णगड शाखा बोलत आहे,” अक्का म्हणाली. “बोगदा बंद आहे. मुख्य कार्यालयाने लक्ष घालावे.”

मी आधी पडदा जवळ ओढला, त्यात क्षणभर उशीर झाला. तो तिने हिशेबात धरला असणार. ती काही सोडत नाही.

“मुख्य कार्यालयाच्या बाजूने बोगदा सुरू आहे,” मी म्हणालो. “दोष शाखेच्या बाजूला दिसतो. वीज आहे का?”

“आहे.”

“संगणक चालू आहे का?”

“आत्ताच बंद करून चालू केला.”

“का केला?”

“त्याशिवाय तो नवीन लिहिलेले मानीना.”

मी खुर्चीत सरळ बसलो. “नवीन काय लिहिले?”

“शाखेच्या संगणकावरही तशीच एक फाईल आहे. आपोआप काय सुरू करायचे, त्याची. तिथे मी ‘एकही नको’ असे लिहिले आहे.”

“ती फाईल कुठे असते हे तुला कोणी सांगितले?” अबोल्याची भाषा सोडून मी तिला ‘तुला’ म्हणून गेलो होतो, हे मला नंतर कळले.

“सांगायला कशाला कोण हवं? सकाळपासून शोधत्ये. सापडल्यावर काय, वरतीच सगळं लिहिलेलं आहे इंग्रजीत. काय लिहिलं तर काय होतं ते. भिंग घेऊन वाचलं. चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासले, मला चार ओळी वाचता येत नाहीत होय?” मग ती एकदम म्हणाली, “आणि तू काय रे शिंच्या, इतके दिवस झाले, फोन उचलायला हात मोडले होते तुझे?”

“अट तुझी होती.”

“अट माझी होती, पण डोळा तुझा कापला होता ना! बोगदा उघडायचा तेव्हा तुझा आवाज यायचा. आता तो शिंचा आपला आपण उघडतो. तू तिथे आहेस, की इस्पितळात आहेस, की आणखी कुठे आहेस, मला कसं कळायचं? हिरवी खूण बघून?”

एवढी वर्षे मी समजत होतो, की त्या फोनवरून मी तिची खबर घेतो. ती माझी घेत होती. तिच्या लेखी एकटा, हट्टी आणि वय झालेला तो मी होतो. या तिच्या मताशी मी सहमत नाही, हे इथे नमूद करून ठेवतो. त्या वेळी मात्र मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण घसा साफ करावा लागत होता.

“ओळीवर खरखर आहे का?” अक्काने विचारले.

“ओळीची आहे,” मी म्हणालो.

“बरं. मग आता शाखेने काय करावे, ते सांगा.”

मी तिला हुकूम सांगितला, एकेक अक्षर, आणि तिने तो टंकला. मध्ये एक मोकळी जागा सोडायची राहिली ती मी सांगण्याआधी तिनेच दुरुस्त केली. पूर्णगडचा बोगदा उठला. अक्काच्या टोकाने उठला, तिच्या हाताने, मी ओळीवर असताना.

सचिवबाईंना अर्थातच हे कळले. सभेत असा सूर निघाला, की मीच अक्काला फितवले, फाईल दाखवली, टंकून दिले. मी उभा राहून सांगितले, की मुख्य कार्यालयाच्या फायलीत ‘सगळे’ असेच लिहिलेले आहे, आदेशाच्या दिवसापासून त्यात मी एका अक्षराचा फरक केलेला नाही, ज्याला पाहायचे त्याने येऊन पाहावे. कोणी आले नाही. सचिवबाई मात्र सरळ पूर्णगडला गेल्या. तिथे काय झाले ते मला दोन्ही बाजूंनी कळले आहे, आणि या एका बाबतीत दोन्ही बाजू जुळतात, म्हणून लिहितो. अक्काने त्यांना आंबोळ्या खाऊ घातल्या, हंगामाच्या नोंदी दाखवल्या आणि सांगितले, की बोगदा कार्यालय उघडण्याच्या वेळी रोज सुरू होईल याची हमी शाखेची, आणि तो कसा सुरू करायचा हे ठरवण्याचा अधिकारही शाखेचा. मी आजारी पडलो तर? तर अक्का स्वतः सुरू करील, तिला येते. अक्का आजारी पडली तर? “तर फोन उचलला जाणार नाही,” अक्का म्हणाली, “आणि माझा भाऊ पुढच्या एसटीने इथे येईल. तुमचा तो आपोआप येईल का?”

बाई परत आल्या त्या पिशवीभर कोकमे घेऊन. “काका,” त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीशी बोलण्यापेक्षा तुमच्याशी भांडणं सोपं आहे.” ही माझी स्तुती होती की निंदा, याचा खुलासा मी मागितला नाही. पूर्णगडचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही, मात्र गोष्ट सांगायचे सोडलेले नाही.

अबोला आजही मोडलेला नाही, असे अक्काचे म्हणणे आहे. सकाळच्या फोनवर जे बोलणे होते ते संस्थेच्या कामापुरते असते, असे ती माझ्या पत्नीला सांगते. आजच्या कामकाजाचा वृत्तांत देतो, म्हणजे ठरवता येईल. मी फोन केला. शाखेत वीज होती. शाखाप्रमुख हजर होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांतल्या औषधाची चौकशी केली, मी त्यांच्या गुडघ्याची. मग तिच्या दारात मासेवालीची हाक आली. “थांब हां,” अक्का म्हणाली, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेली. बोगदा अजून सुरू व्हायचा होता. सचिवबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागल्या. मी बोटाने त्यांना थांबण्याची खूण केली. तिकडे पूर्णगडला माझी बहीण बांगड्यांचे कल्ले उघडून बघत होती, ते ताजे नाहीत असे सांगत होती, मासेवाली तिला “बाई, तुमच्या शाळेतली मी, तुम्हाला फसवीन काय?” असे म्हणत होती, आणि मी फोन कानाला धरून सारे ऐकत होतो.